हरवलेली डावी बाजू

समजा, तुमच्या शेजारच्या आजोबांना पक्षाघाताचा झटका आला. महिनाभर रुग्णालयात राहून ते घरी परतले. डावा हात लुळा पडला आहे, पण बोलणे स्वच्छ आहे, स्मरणशक्ती शाबूत आहे, पेन्शनचा हिशेब तोंडी सांगतात. दुपारी सूनबाईंनी ताट वाढून समोर ठेवले. आजोबांनी भाजी खाल्ली, आमटी भुरकली, मधला भात उजवीकडून निम्मा संपवला आणि कुरकुरले, "आज चटणी नाही, लिंबू नाही, साधे मीठसुद्धा वाढले नाही!" आपल्याकडे ताटाची डावी बाजू ठरलेली असते. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे सगळे तिथे होते. सूनबाईंनी काही न बोलता ताट अर्धे फिरवले. आजोबा खूष झाले आणि त्यांनी चटणीला बोट लावले. पण आता डावीकडे गेलेली भाजीची वाटी त्यांच्या लेखी नाहीशी झाली होती.

असे प्रकार दिवसभर चालतात. दाढी केली तर उजवा गाल गुळगुळीत आणि डाव्या गालावर खुंट तसेच. सदऱ्याची उजवी बाही चढवलेली, डावी मागे लोंबते आहे. चाकाच्या खुर्चीतून फिरताना खुर्ची दाराच्या डाव्या चौकटीवर आदळते. वर्तमानपत्रातली ओळ मध्येच कुठेतरी सुरू होते. 'सूर्यफूल' हा शब्द 'फूल' असा आणि 'महानगर' हा 'नगर' असा वाचला जातो. घरातली माणसे वैतागतात. कोणी म्हणते, म्हातारपणी हट्टी झाले आहेत. कोणी म्हणते, चष्म्याचा नंबर वाढला असेल. नेत्रतज्ज्ञ तपासून सांगतात की डोळ्यांत दोष नाही. आजोबांना विचारावे, तर तेही म्हणतात, "मला सगळे व्यवस्थित दिसते की!"

हे आजोबा कल्पनेतले आहेत. परंतु वर सांगितलेली प्रत्येक गोष्ट खऱ्या रुग्णांमध्ये डॉक्टरांनी पुन:पुन्हा नोंदवलेली आहे. मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागाला इजा झाल्यावर हा विकार विशेषकरून दिसतो. या लेखात आपण त्याला 'एकपार्श्वी दुर्लक्ष' म्हणू. रुग्णाचे डोळे पाहत असतात, कान ऐकत असतात, पण जगाच्या डाव्या बाजूकडे त्याचे लक्षच जात नाही. आणि लक्ष जात नाही, हेही त्याच्या लक्षात येत नाही!

हे आंधळेपण नव्हे

मेंदूचे डावा आणि उजवा असे दोन गोलार्ध असतात हे तुम्ही शिकला आहात. त्यांच्या कामाची वाटणी उलटी आहे. डाव्या हाताची सूत्रे उजव्या गोलार्धाकडे, उजव्या हाताची डाव्याकडे. दृष्टीचेही तसेच. मात्र इथे विद्यार्थी हमखास एक चूक करतात. डावा डोळा उजव्या गोलार्धाला आणि उजवा डोळा डाव्याला जोडलेला असतो, असे त्यांना वाटते. वास्तविक दोन्ही डोळ्यांना समोरच्या दृश्याचा जो डावा भाग दिसतो, त्याचा संदेश उजव्या गोलार्धाच्या मागच्या टोकाकडे जातो आणि उजव्या भागाचा डाव्याकडे. मागच्या टोकाचे हे दृष्टिकेंद्र उजव्या बाजूला नष्ट झाले, तर माणसाला डावीकडचे अर्धे दृश्य खरोखरच दिसत नाही. पण अशा माणसाला आपली उणीव समजते. तो मान डावीकडे वळवतो, ताट चाचपतो आणि काम भागवतो.

एकपार्श्वी दुर्लक्ष झालेला माणूस मान वळवीत नाही. वळवायची कशासाठी? त्याच्या दृष्टीने तिकडे काही नाहीच. ऑलिव्हर सॅक्स या मेंदूतज्ज्ञ लेखकाने १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात अशा एका बाईंची हकीकत सांगितली आहे. ताटातले अन्न कमी वाटले की त्या आपली फिरती खुर्ची उजवीकडे वळवीत. पूर्ण फेरी होत आली की हरवलेला अर्धा भाग उजव्या अंगाने पुन्हा समोर येई. त्यातला निम्मा खाऊन झाला की पुन्हा एक फेरी. डावीकडे जरासे वळले असते तर काम झाले असते. परंतु 'डावीकडे' हा शब्द त्यांना बुद्धीने कळत होता, तरी तिकडे वळण्याची प्रेरणाच नव्हती.

हा दोष डोळ्यांचा नाही याचा सर्वात सुंदर पुरावा १९७८ साली इटलीतील मिलान शहरात मिळाला. एदोआर्दो बिसियाक आणि क्लाउदिओ लुझ्झात्ती या दोघा संशोधकांनी तो प्रयोग केला. त्यासाठी कोणतेही यंत्र लागले नाही. मिलानच्या मध्यभागी मोठे कॅथीड्रल आहे आणि त्याच्यासमोर प्रशस्त चौक. मिलानमध्ये आयुष्य घालवलेल्या रुग्णांना तो तोंडपाठ असतो. रुग्णाला सांगण्यात आले, "तुम्ही चौकात कॅथीड्रलकडे तोंड करून उभे आहात अशी कल्पना करा, आणि काय काय दिसते ते सांगा." रुग्णाने प्रामुख्याने उजव्या हाताच्या इमारती सांगितल्या. मग त्याला म्हटले, "आता कॅथीड्रलच्या पायऱ्यांवर उभे राहून उलट दिशेला पाहता आहात असे समजा." आता रुग्ण मघाशी गाळलेल्या इमारती धडाधड सांगू लागला, आणि मघाशी सांगितलेल्या इमारती गाळू लागला! म्हणजे सर्व इमारतींची आठवण मेंदूत होती. डोळ्यांचा तर प्रश्नच नव्हता. मनाच्या डोळ्यांपुढे उभ्या केलेल्या चित्राचीसुद्धा डावी बाजू पुसली गेली होती.

आपल्या शाळेच्या मैदानावर हाच प्रयोग मनातल्या मनात करून पाहा. ध्वजस्तंभाकडे तोंड करून उभे राहिल्यावर काय दिसते आणि ध्वजस्तंभापाशी उभे राहून काय दिसते, हे तुम्हाला दोन्ही अंगांनी सांगता येईल. मिलानच्या त्या रुग्णांना ते साधत नव्हते.

दहा वर्षांनी, १९८८ मध्ये, इंग्लंडमध्ये जॉन मार्शल आणि पीटर हॅलिगन यांनी एका रुग्ण बाईंना घराची दोन चित्रे दाखवली. दोन्ही घरे सारखीच होती, पण एकाच्या डाव्या बाजूने ज्वाळा निघत होत्या. बाई म्हणाल्या, दोन्ही चित्रे एकसारखी आहेत. "यांतल्या कोणत्या घरात राहायला आवडेल?" हा प्रश्न त्यांना खुळचट वाटला. तरीही पुन:पुन्हा विचारल्यावर बहुतेक वेळा त्यांनी न जळणारे घर निवडले! डाव्या बाजूची बातमी मेंदूत कुठेतरी पोचत होती. तिला जाणिवेच्या दारात प्रवेश मिळत नव्हता. असा परिणाम सर्वच रुग्णांत दिसला नाही हेही सांगितले पाहिजे. पण त्यामुळे एक नेमका प्रश्न पुढे आला. बातमी मेंदूत शिरते, तर ती अडते कुठे?

मेंदूत डोकावण्याची साधने

पूर्वी या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी रुग्णाच्या मृत्यूनंतर मेंदू तपासण्याची वाट पाहावी लागे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळ विंबल्डनच्या रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने एका जिवंत रुग्णाच्या मेंदूच्या आडव्या छेदाचे चित्र क्ष-किरणांनी काढले आणि ही वाट पाहणे संपले. हेच सी.टी. स्कॅन. १९७९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक हाउन्सफील्ड आणि अ‍ॅलन कॉरमॅक यांना या शोधाबद्दल मिळाले. पुढे एम.आर.आय. यंत्र आले. त्यात क्ष-किरण नसतात. शरीरातल्या पाण्यामधील हायड्रोजनची अणुकेंद्रे प्रबळ चुंबकक्षेत्रात ठेवून त्यांना रेडिओ लहरींचा धक्का देतात. धक्का ओसरताना ती जे संकेत सोडतात त्यांवरून संगणक चित्र तयार करतो. रुग्णालयात सर्रास वापरल्या जाणाऱ्या यंत्रांचे क्षेत्र १.५ किंवा ३ टेस्ला असते. ३ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या साठ-सत्तर हजार पट! खिशात किल्ली ठेवून त्या खोलीत का जाऊ देत नाहीत, हे यावरून कळेल.

या चित्रांवरून इजा कुठे झाली ते दिसू लागले. अनेक रुग्णांमध्ये ती उजव्या कानाच्या वर आणि जरा मागे, जिथे मेंदूचे पार्श्विक आणि कानशिलाजवळचे भाग एकमेकांना भिडतात, तिथे आढळली. पण एकमत होईना. २००१ साली जर्मनीतील हान्स-ओटो कार्नाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितले की खरी जागा आणखी खाली, कानशिलाच्या भागात आहे. दोन वर्षांनी लंडनच्या संशोधकांनी पुन्हा पार्श्विक भागाकडे बोट दाखवले. काही रुग्णांत तर इजा कपाळामागच्या भागात होती, आणि तरी लक्षणे तीच.

अशा वादात बहुधा प्रश्नच चुकीचा विचारलेला असतो. गावातले दिवे गेले तर बिघाड वीजकेंद्रात असेल, रोहित्रात असेल, किंवा मधल्या तारेत असेल. अंधार एकच, कारणे तीन. २००५ साली पॅरिसमध्ये शल्यचिकित्सा चालू असताना तारेचा हा पुरावा मिळाला. मेंदूला स्वतःला वेदना होत नाहीत. त्यामुळे मेंदूतील गाठ काढताना काही वेळा रुग्णाला जागे ठेवतात आणि बारीक विद्युत्प्रवाहाने एकेक जागा क्षणभर बंद पाडून कोणता भाग वाचवायला हवा ते ठरवतात. इथे रुग्णाला वीस सेंटिमीटर लांबीच्या रेघेच्या मध्यावर खूण करायला सांगितले होते. उजव्या बाजूच्या पार्श्विक भागाला कपाळामागच्या भागाशी जोडणाऱ्या तंतूंच्या जुडग्याला प्रवाह दिला, तेव्हा खूण सर्वांत जास्त उजवीकडे सरकली. 'लक्ष' ही वस्तू मेंदूच्या एका कप्प्यात ठेवलेली नसून दूरदूरच्या भागांनी मिळून चालवलेले ते काम आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

काम करणाऱ्या मेंदूचे चित्र

सी.टी. आणि साधे एम.आर.आय. घराचा नकाशा दाखवतात. घरात कोण जागे आहे ते दाखवत नाहीत. ते कळायला रक्तानेच मदत केली. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरियेल यांनी १९३६ सालीच दाखवले होते की ऑक्सिजन वाहून नेणारे हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन सोडून दिलेले हिमोग्लोबिन यांचे चुंबकीय गुणधर्म वेगळे असतात. ऑक्सिजन गमावलेले हिमोग्लोबिन जवळच्या चुंबकक्षेत्रात किंचित गडबड करते. १९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत उंदरांच्या मेंदूवर या गडबडीचा उपयोग करून दाखवला, आणि १९९२ पर्यंत माणसाच्या मेंदूचीही अशी चित्रे निघाली.

मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे रक्ताचा पुरवठा वाढतो, आणि गंमत अशी की तो गरजेपेक्षा जास्तच वाढतो. त्यामुळे तिथे ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिनचे प्रमाण घटते, गडबड कमी होते आणि संकेत जरासा वाढतो. ही वाढ फार तर काही टक्के. तीही पाच-सहा सेकंद उशिराने. म्हणून एकच क्रिया कितीतरी वेळा करून घ्यावी लागते आणि सरासरी काढावी लागते. वर्तमानपत्रात छापून येणाऱ्या मेंदूच्या चित्रांत लाल-पिवळे भाग झगमगत असतात. ते रंग संगणकाने भरलेले असतात. मेंदूत काही पेटलेले नसते, आणि तो पट्टा 'विचाराचा फोटो' तर मुळीच नव्हे. रक्तपुरवठ्यात किती फरक पडला, याचा तो हिशेब आहे. या कार्यदर्शी एम.आर.आय.चे महत्त्व मला कमी करायचे नाही, पण चित्र पाहताना हे विसरले की माणूस भलतेच निष्कर्ष काढतो.

जळत्या घराच्या कोड्यावर या यंत्राने प्रकाश टाकला. लंडनमध्ये २००० साली जेरेंट रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच एका रुग्णाची तपासणी प्रसिद्ध केली. फक्त डावीकडे चित्र दाखवले तर त्याला ते कळे. पण त्याच क्षणी उजवीकडेही चित्र आले की डावे चित्र त्याच्या जाणिवेतून नाहीसे होई. अशा नाहीशा झालेल्या चित्राच्या वेळीही उजव्या दृष्टिकेंद्रातील हालचाल यंत्राने टिपली. पत्र टपालकार्यालयात आले होते, वाटलेही गेले होते, पण घरच्या माणसाने ते उचलले नव्हते.

बैलजोडीचा बिघाड

सर्वांत उपयोगी शोध मात्र अमेरिकेतील सेंट लुईस येथे लागला. मॉरिझिओ कोर्बेत्ता, गॉर्डन शुलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पक्षाघाताच्या रुग्णांची कार्यदर्शी चित्रे दोनदा काढली: एकदा झटक्यानंतर साधारण महिन्याने, आणि पुन्हा कित्येक महिन्यांनी, बरीच सुधारणा झाल्यावर. यंत्रात पडल्यापडल्या रुग्णाने पडद्याच्या मध्यावरील बाण पाहायचा आणि डावीकडे वा उजवीकडे खूण उमटताच बटण दाबायचे, एवढेच काम. २००५ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा. इजा झालेल्या जागेपासून दूर, वरच्या पार्श्विक भागात, दोन्ही गोलार्धांमध्ये लक्ष वळवण्याची केंद्रे आहेत. या रुग्णांत ती केंद्रे शाबूत होती. तरीही उजवे केंद्र मंद पडले होते आणि डावे केंद्र त्या मानाने अतोनात काम करत होते. जसजसा रुग्ण सुधारला तसतसा हा तोल पुन्हा जमत गेला. २००७ साली याच गटाने आणखी एक गोष्ट दाखवली. निरोगी माणूस नुसता पडून असला तरी दोन्ही बाजूंची केंद्रे एका लयीत वरखाली होत असतात. रुग्णांत ही लय तुटली होती, आणि ती जितकी जास्त तुटलेली तितका विकार तीव्र.

बैलगाडीचे उदाहरण घ्या. जोडीतला उजवा बैल थकला तर डावा पुढे सरतो, जू तिरके होते आणि गाडी उजवीकडे वळू लागते. डावा बैल धडधाकट आहे, त्याने काही चूक केलेली नाही; पण गाडी भलतीकडे नेतो तो तोच. मेंदूचे दोन गोलार्धही लक्षाला असेच आपापल्या विरुद्ध बाजूकडे ओढत असतात आणि एकमेकांना आवर घालत असतात, अशी कल्पना मार्सेल किन्सबोर्न यांनी बरीच आधी, १९७० च्या दशकात मांडली होती. चित्रांनी तिला आधार मिळाला.

तुम्ही विचाराल, मग डावा बैल थकला तर गाडी डावीकडे का वळत नाही? म्हणजे डाव्या गोलार्धाला इजा झाल्यावर उजवी बाजू का हरवत नाही? कधीकधी हरवते, पण ते सहसा सौम्य आणि अल्पकाळ असते. दोन कारणे सांगितली जातात. उजवा गोलार्ध दोन्ही बाजूंकडे लक्ष ठेवू शकतो, डावा प्रामुख्याने उजवीकडेच. त्यामुळे डावा जायबंदी झाला तरी उजवा त्याचे काम काही अंशी उचलतो. दुसरे असे की माणसाला एकंदर सावध, जागरूक ठेवण्याचे कामही जास्त करून उजवा गोलार्ध करतो. उजव्या बाजूच्या इजेने तोल जातो आणि शिवाय सावधपणाही ओसरतो. १९९८ साली इंग्लंडमध्ये इयान रॉबर्टसन यांनी ते मोजले. रुग्णांना डावीकडची घटना उजवीकडच्या घटनेपेक्षा सरासरी अर्धा सेकंद उशिरा जाणवत होती. मात्र आधी इशाऱ्याचा आवाज केला की हा उशीर भरून निघे!

गाडी रुळावर कशी आणायची?

गाडी रस्त्यावर आणायची तर दोन वाटा: थकलेल्या बैलाला हुशारी आणा, किंवा जोरकस बैलाचा कासरा ओढा. या विकारावर जे उपचार केले जातात त्यांतले बरेचसे या दोहोंपैकी एका वाटेने जातात.

सर्वांत जुना उपाय सरावाचा आहे. न्यूयॉर्कमध्ये लिओनार्ड डिलर, जोसेफ वाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात तो शिस्तशीर वापरला. पानाच्या डाव्या समासात जाड लाल पट्टी ओढायची. ती पट्टी दिसल्याशिवाय ओळ वाचायला सुरुवात करायची नाही. पट्टी पुढे हळूहळू बारीक करायची आणि शेवटी काढून टाकायची. या सरावाने वाचन सुधारते. अडचण अशी की वाचनाचा सराव स्वयंपाकघरात आपोआप कामाला येत नाही. तिथे पुन्हा नव्याने शिकवावे लागते. 'डावीकडे बघा' हे नुसते समजून भागत नाही. प्रसिद्ध इटालियन चित्रपट दिग्दर्शक फेदेरिको फेलिनी यांना १९९३ साली पक्षाघातानंतर हा विकार झाला. ते उत्तम व्यंगचित्रकारही होते. आपल्याला काय झाले आहे हे त्यांना चांगले ठाऊक होते, त्यावर ते विनोद करीत. तरीही रेघेचा मध्य काढायला सांगितले की त्यांची खूण उजवीकडे जाई.

मग लक्षाला वळसा घालून, शरीराच्या मार्गाने मेंदूला गाठायचे प्रयत्न झाले. डाव्या कानात थंड पाणी सोडले की तोल सांभाळणाऱ्या अंतर्कर्णाला चेतना मिळते आणि काही मिनिटांपुरती हरवलेली बाजू चक्क परत येते. रोजचा उपचार म्हणून अर्थातच हे चालणार नाही. डाव्या हातात थोडी शक्ती उरली असेल तर तो हात डाव्या बाजूलाच हलवत ठेवणे, बोटाने टेबलावर टकटक करणे, यानेही उजवा गोलार्ध जागा होतो.

फ्रान्समधील लिआँ येथे इव्ह रोसेत्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये केलेला लोलकाचा प्रयोग सर्वांत कल्पक म्हणावा लागेल. लोलकाचा चष्मा घातला की सगळे दृश्य सुमारे दहा अंश उजवीकडे सरकते. रुग्णाला समोरच्या खुणेवर झटकन बोट ठेवायला सांगतात. पहिल्यांदा बोट उजवीकडे चुकते. मेंदू प्रत्येक चुकीवरून शिकतो आणि हात नकळत डावीकडे नेऊ लागतो. पन्नासेक वेळा बोट ठेवल्यावर चष्मा काढतात. चष्मा गेला तरी डावीकडे नेण्याची सवय उरतेच! पाच मिनिटांच्या या खेळानंतर रुग्णांच्या चित्रांत आणि वाचनात डावी बाजू दिसू लागली, आणि हा परिणाम दोन तास तरी टिकला. रोज चष्मा लावून आठवडा-दोन आठवडे सराव केल्यास तो अधिक टिकतो असे काही चाचण्यांत आढळले. इतर काही चाचण्यांत तसा फायदा दिसला नाही.

कासरा ओढण्याची वाट चित्रांमुळेच सुचली असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. डोक्याबाहेर धरलेल्या तारेच्या वेटोळ्यातून विजेचा झपाट्याने बदलणारा प्रवाह सोडला की कवटीच्या आत सौम्य विद्युत्प्रवाह निर्माण होतो. हे फॅरेडेचेच तत्त्व. ठोके एका विशिष्ट पद्धतीने दिले तर खालचा मेंदूचा भाग काही काळ शांत होतो. २०१२ मध्ये रोममधील संशोधकांनी रुग्णांच्या डाव्या, म्हणजे निरोगी, पार्श्विक भागावर दोन आठवडे असा उपचार केला, आणि डाव्या बाजूकडचे दुर्लक्ष कमी झाले. निरोगी भाग थोडा शांत करून आजार हटवायचा, हे ऐकायला विचित्र वाटते. पण बैलजोडी आठवली की वाटणार नाही.

या सर्व उपचारांबाबत एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. २०२१ साली तोवरच्या चाचण्यांचा एकत्र आढावा घेण्यात आला. कागदावरच्या चाचण्यांत सुधारणा दिसली तरी जेवणे, कपडे घालणे, रस्ता ओलांडणे या रोजच्या जगण्यात टिकाऊ फायदा होतो असे कोणत्याही एका पद्धतीबद्दल खात्रीने म्हणता आले नाही. चाचण्या लहान होत्या, रुग्णांच्या इजा निरनिराळ्या होत्या. कोणाच्या मेंदूत तार तुटली आहे आणि कोणाच्या केंद्रातच बिघाड आहे, हे आधी चित्रावरून पाहून त्याप्रमाणे उपचार निवडता येईल का, यावर आता काम चालू आहे.

तोवर घरच्यांच्या हाती जे आहे ते थोडके नाही. पहिल्या काही आठवड्यांत आणि महिन्यांत पुष्कळ रुग्ण आपोआप बरेच सुधारतात. त्या काळात पाण्याचा तांब्या, औषधे आणि बोलावण्याची घंटी उजवीकडे ठेवावी, म्हणजे रुग्णाची अडचण होत नाही. बोलायला बसताना मात्र हळूहळू समोरून डावीकडे सरकावे आणि त्याला आपल्याकडे वळू द्यावे. ताटाच्या डाव्या कडेला लाल रंगाची वाटी ठेवावी. पेटत्या शेगडीजवळ आणि रस्त्यावर त्याला एकटे सोडू नये. 'नीट बघत का नाही?' म्हणून रागावण्याचा उपयोग होत नाही, हे तर तुम्हाला आता कळलेच आहे.

वर्गात करून पाहा

वीस सेंटिमीटर लांबीची आडवी रेघ एका कोऱ्या कागदावर काढा. कागद बरोबर समोर ठेवा. पट्टी न वापरता, नुसत्या नजरेने रेघेच्या मध्यावर उभी खूण करा. आता मोजा. खूण खऱ्या मध्याच्या डावीकडे पडली असेल तर वजा आणि उजवीकडे पडली असेल तर अधिक, असे मिलिमीटरमध्ये लिहा. प्रत्येकाने दहा रेघा कराव्यात, अर्ध्या उजव्या हाताने आणि अर्ध्या डाव्या हाताने. मग सबंध वर्गाची सरासरी काढा.

निरोगी माणसांची सरासरी किंचित डावीकडे येते, असे १९८० साली डॉन बोअर्स आणि केनेथ हाइलमन यांनी नोंदवले होते. उजवा गोलार्ध जरा वरचढ असल्याची ही खूण समजली जाते. फरक लहान असतो, तेव्हा एकट्याच्या दहा रेघांवरून काही ठरवू नका, आणि कोणाची खूण उजवीकडे गेली म्हणून त्याला घाबरवूही नका. वाचनाच्या सवयीचाही यात वाटा असावा. १९९३ साली फ्रेंच आणि हिब्रू वाचकांची तुलना करण्यात आली तेव्हा उजवीकडून डावीकडे वाचणाऱ्या हिब्रू वाचकांच्या खुणा उजवीकडे झुकलेल्या आढळल्या. तुमच्या गावात उर्दू माध्यमाची शाळा असेल तर शिक्षकांच्या मदतीने दोन्ही शाळांच्या रेघा जमवा. एकाच इयत्तेची, निदान तीस-तीस मुले घ्या, कागद एकाच मापाचे घ्या, आणि मोजणाऱ्याला कोणता कागद कोणत्या शाळेचा आहे हे कळू देऊ नका.